नाक वर करणाऱ्या पाणबुडीची हकीकत

श्री वरुणराज प्रसन्न. शके १८३६, आनंदनाम संवत्सर. त्या साली पृथ्वीवर आनंद कोठे दडून बसला होता ते जोशीबुवांस पुसावे. आम्हांस ठाऊक नाही. ते समयी उत्तरेकडील एका पातशाहीने शेजाऱ्याची समुद्रकाठची पट्टी हस्तगत केली आणि तेथून गनिमाची गलबते अडवावी ऐसा मनसुबा केला. परंतु थोर पाणबुड्या तेथवर न्याव्या तर वाटेत गनिमाची चौकी; मग मसलत ठरली की लहान पाणबुडी करावी, तिचे तुकडे आगगाडीवर घालावे आणि किनारी नेऊन सांधावे. रेम्मरपंत म्हणोन नौकांचे आराखडे काढणारे गृहस्थ होते, त्यांस हे काम सांगितले. दर्या पाहोन नाव बांधावी ही पूर्वापार रीत. पंतांनी आगगाडीचे बोगदे मोजिले आणि बोगद्यात मावेल ऐसी नाव सिद्ध केली. यंत्र लहान, गलबते फोडणारे पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, दोन, असामी चौदा. थोर नौकांवरील सरदार तीस शिवणयंत्र म्हणोन हिणवू लागले.

नाव अंगाने हलकी, हीच तिची खोड. पाण्याखालून पाणतीर सोडिला की पुढले वजन एकाएकी जाई आणि नाव नाक वर करून गनिमास दर्शन देई. पंत दरबारी जाऊन बोलिले, "थोडी मुदत द्यावी, नाक बसवून देतो." दरबारचे वडील बोलिले, "मुदत कोणापाशी आहे? पाणतीर सुटताच माणसे पुढे पळवावी. माणसांस वजन असतेच की." पंतांस हे फार लागले. नाव माणसांसाठी करावयाची, आणि येथे नावेसाठी माणसे पोत्यांसारखी हलवावी लागतात, या लाजेने त्यांस अन्न गोड लागेना.

नावेवरील मंडळींस मात्र ही लाज ठाऊकच नव्हती. सरदार ओन्नो म्हणोन थोड्या बोलाचा, शांत पुरुष होता. आणि शेपटाकडे यंत्रास तेल घालणारा फोक्को, देहाने रांजणाएवढा. सरदारांनी "सोडा" म्हणावे, पाणतीर सुटावा, आणि फोक्कोने "वाट सोडा, वाट सोडा" गर्जत मागून निघावे. मग हे धूड अंगावर येते पाहोन पुढले सारे जीव घेऊन नाकाकडे पळत, तेथे एकावर एक रचले जात, आणि नाव सावरली की ढिगातील तळाचा हसू लागे आणि मग वरचे हसत. आत ओल ऐसी की पाव बुरसे, कॉफीस तेलाचा वास, आणि एका अंथरुणावर दोघे पाळीने निजत. तरी पुढे म्हातारपणी त्या दिवसांची सय काढताना या लोकांचे डोळे भरून येत, हे आम्ही पाहिले आहे. आम्हांसही त्यांचा हेवा वाटला, हे लपवीत नाही.

पुढे राक्षसनाम संवत्सर लागले आणि पंतांनी एक टाकी सिद्ध केली. पाणतीर सुटताच टाकीत दर्याचे पाणी भरावे आणि पुढले वजन जेथल्या तेथे राहावे, ऐसी युक्ती. ती घेऊन पंत मोठ्या हर्षाने धक्क्यावर आले. परंतु टाकीच्या लोखंडाचे वजन नावेस झेपेना, एक असामी उतरविणे प्राप्त जाहले, आणि सर्वांत जड असामी कोण हे कोणास पुसावे लागले नाही.

पंत फोक्कोस बोलिले, "तुला थोर नौकेवर नेमिले आहे. तेथे ज्याचे अंथरूण त्यास. आता तुला कोणी पोत्यासारखे पळविणार नाही."

फोक्को टोपी हाती घेऊन उभा राहिला. मग बोलिला, "पंत, ती खोड होती होय? आम्हांस वाटे, आपण मुद्दाम ठेविली. चौदा जणांनी एकदम धावावे म्हणोन."

कारागीर खोळंबले होते, तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवून पंत नावेत उतरले, आणि फोक्को बोचके उचलून चालता जाहला.

मग नाव मोहिमेस गेली ती नेमल्या दिवशी परतली नाही. पंत धक्क्यावर येरझारा घालीत राहिले, कोणी जेवावयास बोलाविले तरी जात ना. दुसरे दिवशी नाव आली. नाक चेमटलेले, फटींतून वाळू गळते आहे.

ओन्नो सरदार बोलिले, "पंत, टाकी उत्तम. पाणतीर सुटला, टाकी भरली, नाक तसूभर हलले नाही. परंतु मंडळी धावली."

"का धावली? मी बजावून सांगितले होते."

"मीही सांगितले होते. सांगितलेले डोक्यात राहते, पाय आपले धावतात. टाकीचे पाणी आणि वर आम्ही सारे, नाव तळाच्या वाळूत घुसली. वर गनिमाची गस्त, आत श्वास पुरेना. मग टाकीचे पाणी बाहेर लोटिले आणि सारे मिळोन मागे धावलो, पुढे धावलो, पुन्हा मागे, तेव्हा सुटलो. आणि पंत, पहिल्याने धावताना प्रत्येकजण मागे पाहात होता."

पंत त्याच पावली दरबारी गेले आणि बोलिले, "माझी टाकी खोटी आहे. ती काढवितो, फोक्को परत द्यावा." वडील हसोन बोलिले, "टाकी खोटी कशी? आम्ही ती सर्व नौकांस बसविणार." ऐसे म्हणोन त्यांनी पंतांस मानाची वस्त्रे दिली. मग कारकुनास विचारून सांगितले की फोक्कोची थोर नौका गेली ती माघारी आली नाही, आता आशा धरू नये. पंत वस्त्रे मांडीवर घेऊन तेथेच बसून राहिले, आणि दिवे लागले तेव्हा पहारेकऱ्याने त्यांस हाती धरून उठविले.

त्या लहान नावेतील टाकी पंतांनी काढविली. ओन्नो सरदारांनी बदली असामी मागितला नाही. पुढे पाणतीर सुटे, तेरा जण धावत, आणि नाक थोडेसे वर येईच. तेवढे सरदार सोसून घेत. धावताना सर्वांत मागला गडी भिंतीशी अंग चोरी आणि वाट मोकळी ठेवी.

सारांश, चार वर्षे युद्ध चालले, पातशाही बुडाली, नाव मोडून लोखंड विकले, आणि ते तेराही असामी आपापल्या घरी पोहोचले. रेम्मरपंत नावेची खोड काढावयास गेले आणि त्यांनी फोक्को काढिला. जैसे घडले तैसे लिहिले; याउपर लिहवत नाही.