किसन गुरुजी आणि टँकरचा ठराव

आमच्या शेजारचे किसन गुरुजी पेपर वाचत न्हाईत, तपासतात. लाल पेन घेऊन ओट्यावर बसायचं आणि बातमीखाली मार्क टाकायचे. बेरोजगारीवर समिती नेमली? शून्य. दोन्ही पक्षांनी सामोपचारानं तोडगा काढला? शून्य, आणि खाली शेरा, ‘पालकांना घेऊन या’.

तीस वर्षं गणित शिकवलं माणसानं. मलाही शिकवलं, म्हणून सांगतो. “अर्धं उत्तर म्हणजे चूक उत्तर,” हे त्यांचं पालुपद. देश चालवणारे सगळे पहिल्या पायरीवरच वही मिटतात, असं त्यांचं ठाम मत. खोटं कशाला बोलू, मला ते बिलकुल पटतं.

मागच्या उन्हाळ्यात मात्र गुरुजींनी कहर केला. ग्रामसभेत टँकरचा ठराव आल्ता. गुरुजी उठले. दरसालचा टँकर म्हणजे मलमपट्टी, म्हणाले. कायमची नळयोजना द्या, टँकर नको, असंच लिहा. बोलले असे, की सगळ्यांनी हात वर केले. माझा सगळ्यात उंच.

तहसील कचेरीनं आमच्या ठरावाचा मान राखला, पण अर्धाच. टँकर बंद केला. नळयोजना विचाराधीन आहे.

मंग काय, गाव गुरुजींवर तुटून पडलं. त्यांची थोरली बहीण कौतिकाआक्का समोरच एकटी राहते. गाव तहानेलं ठेवणाऱ्याच्या घरचा थेंब पिणार न्हाई, असं तिनं चारचौघांत सांगितलं आणि सत्तरीत हंडा घेऊन वाटूरच्या रस्त्यानं लांबच्या विहिरीला जाऊ लागली. भावाशी बोलणं बंद.

एका दुपारी टँकरच्या नव्या अर्जावर गुरुजींची सही मागायला निघालो. बघतो तर गुरुजी आक्काच्या पडवीत. आक्का आत झोपलेली. सायकलवरून आणलेल्या कॅनमधून गुरुजी तिचा रांजण भरून राह्यले, आवाज न करता.

मी अर्ज पुढं केला. त्यांनी ओले हात धोतराला पुसले, सही केली.

“नळासाठी मी मरेस्तोवर भांडीन,” ते हळूच म्हणाले. “पण तोवर तिनं हंडा का वाहायचा? चुकलं माझं.” मंग जाता जाता म्हणाले, “पाणी तुझ्या बायकोनं भरलं म्हण. माझं कळलं तर ओतून देईल.”

तेव्हापासून आक्का रोज संध्याकाळी माझ्या बायकोला तोंडभरून आशीर्वाद देते. गुरुजी ओट्यावर बसून ऐकतात.