पाणी वाजलं पाहिजे

आमच्या सोसायटीत कुणाचंही कार्य असो, जेवून उठलेल्या माणसाला हात धुतल्यावर एक प्रश्न हमखास ऐकावा लागायचा. "धुतलेत का?" हो म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं. "आवाज आला नाही. परत धुवा."

विचारणारे चौलकर. तिसऱ्या मजल्यावर राहायचे. तळोज्याच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, उंच, खांद्यात वाकलेले, बाराही महिने राखाडी सफारीत. हात धुवायचे फिरते स्टँड त्यांनी स्वतः बनवले होते आणि आमच्या सुकापुरात कुणालाही ते फुकट द्यायचे. अट एकच. स्टँडबरोबर ते स्वतः येणार आणि शेवटचा माणूस हात धुवून जाईपर्यंत शेजारी उभे राहणार. यजमानांनी कितीही आग्रह केला तरी पानावर बसायचे नाहीत. लग्नघरात तेवढा एकच माणूस असा दिसायचा, की जणू दुसऱ्याच कुठल्या प्रसंगाला निघून तो चुकून इथे आला आहे.

एकदा गावातल्या एका पाहुण्याला त्यांनी परत पाठवलं. गळ्यात बोटाएवढी जाड चेन, आवाज त्याहून जाड.

"अरं काका, आमी काय शाळेत हाव? धुतला ना हात! घे, वास घे!"

"वास नाही बघत मी. पाणी वाजलं नाही."

"नाय वाजला तं नाय वाजला! हात हाय का ढोल हाय?"

तरी तो माणूस मागे फिरला आणि पुन्हा धुवून आला. चौलकरांचा चेहराच असा होता, की वाद घालणाऱ्याला आपणच काही वाईट केल्यासारखं वाटायचं.

स्टँड एकूण तीन. लोखंडी अँगलचा सांगाडा, खाली चार चाकं, वर वीस लिटरचा कॅन, कॅनला तोटी, तोटीखाली पत्र्याचा टब, टबाच्या भोकाला पाइप आणि पाइपखाली सांडपाण्याची बादली. साबण नायलॉनच्या जाळीत टांगलेला, म्हणजे भिजून त्याचा लगदा होत नाही. प्रत्येक सांगाड्यावर लाल ऑइल पेंटने आकडा: १, २, ३. दर रविवारी सकाळी जिन्याखाली देखभाल चालायची. कॅन ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन तीन वेळा विसळायचा. चाकांत तेलाचे दोन-दोन थेंब. तोटीचा वॉशर दर तीन महिन्यांनी नवा, गळत असो वा नसो. "गळायला लागल्यावर बदलला तर उशीरच झाला म्हणायचा," असं ते म्हणायचे, आणि हे वाक्य फक्त वॉशरबद्दल असेल असं त्यांच्या तोंडाकडे बघून वाटत नसे. जिन्याखाली येत ते दोनच स्टँड. एक नंबरची देखभाल वर घरातच होई.

मला हे इतकं नेमकं माहीत आहे, कारण सोसायटीच्या टाकीची पातळी रोज वहीत लिहायचं काम माझ्याकडे होतं. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड यायचं, तेही पन्नास मिनिटं. त्यामुळे या स्टँडांकडे मी आधी संशयानेच बघत होतो. चौलकर म्हणायचे, "माणशी पाव लिटर. जास्त लागलं तर दोष तोटीत आहे किंवा माणसात." एका बारशाला मी मोजून पाहिलं. बासष्ट माणसं, सोळा लिटर पाणी. माणशी दोनशे अठ्ठावन्न मिलिलिटर. त्या दिवसापासून मी त्यांना मान देऊ लागलो.

स्वाइन फ्लूच्या वर्षी हे दोन स्टँड फाटकाशी उभे राहिले आणि एरवी हसणारी माणसं तोंडाला रुमाल बांधून निमूट रांगेत लागली. साथ ओसरली, रुमाल सुटले, हसणंही पुन्हा सुरू झालं.

हसण्याचं मुख्य कारण तो टब. पत्र्याच्या छपरावर गारा पडाव्यात तसा त्याचा आवाज यायचा. आमची ही म्हणायची, "माणसं जेवून उठलीत की लढाईवर निघालीत?" तीन नंबरचा टब गंजला तेव्हा चौलकरांबरोबर मी पनवेलच्या बाजारात गेलो होतो. दुकानदार मुकादमभाई त्यांना चांगले ओळखत होते.

"चौलकरसाब, या वेळी स्टीलचा न्या. खुदा की कसम, तुमच्यानंतर पण टिकेल."

चौलकरांनी स्टीलवर नखाने टिचकी मारली, कान जवळ नेला. "मुका आहे." प्लास्टिकच्या टबाला त्यांनी हातही लावला नाही. पत्र्याचे सहा टब असेच टिचक्या मारून बाजूला ठेवले. सातवा पसंत पडला.

"टब घेतायत की तबला?" मुकादमभाई माझ्या कानाशी म्हणाले. "दर दीड सालाने येतात, साब. दरवेळी सगळं दुकान वाजवतात."

एका मुंजीत मी न राहवून त्या टबात गोणपाटाची घडी टाकली. आवाज एकदम बसला. चौलकरांनी ते गोणपाट उचललं, पिळलं, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिलं.

दोन हजार बाराच्या मे महिन्यात माझ्या मुलीचा साखरपुडा होता. खालच्या पार्किंगमध्येच मांडव. माणसं दोनशे दहा. एका माणसाला हात धुवायला अर्धा मिनिट, म्हणजे एकूण एकशे पाच मिनिटं. दोन तोट्या असल्या तर साडेबावन्न मिनिटं, तीन असल्या तर पस्तीस. मुलाकडची माणसं पाऊण तासाच्या वर खरकट्या हाताने रांगेत उभी राहणार, हे मला पटेना. मी जिन्यात चौलकरांना गाठलं.

"तिन्ही लागतील."

"दोन आणि तीन न्या. एक नंबर मिळणार नाही."

"का?"

"तो कामात असतो."

"अहो, साडेबारा ते दोन. तेवढाच वेळ."

"त्याच वेळी असतो."

मला राग आला. ही म्हणाली, "वर जाऊन नीट मागा. मुलीचं कार्य आहे, एका दिवसाचा तर प्रश्न." म्हणून रविवारी दुपारी पाऊण वाजता मी हिशोबाचा कागद घेऊन वर गेलो. इमारतीत राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली होती, पण त्या घरात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. काकू आजारी असतात, मूलबाळ नाही, एवढं सगळ्यांना माहीत होतं. चोवीस बिऱ्हाडांना तेवढी माहिती पुरत होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत काकू पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. मधुमेहाने त्यांची दृष्टी आधीच नेली होती. मग झटका आला. उजवा हात हलायचा, पण त्याला स्पर्श कळेनासा झाला. गरम नाही, गार नाही, ओलं नाही. हे मला नंतर चौलकरांनी सांगितलं. त्या क्षणी मला दिसलं ते इतकंच, की काकूंचं जेवण आटोपलं होतं, वरणभाताने माखलेला उजवा हात त्यांनी अंगापासून लांब, अधांतरी धरला होता, आणि पलंगाला लावून एक नंबरचा स्टँड उभा होता.

चौलकरांनी तो हात टबावर आणला, तोटी सोडली, साबण लावला, बोटांच्या बेचक्यांतून चोळून धुतला. मग हात बाजूला करून पाणी नुसतंच टबात पडू दिलं. पत्रा वाजला.

"वाजलं का?" त्यांनी विचारलं.

काकू ऐकत राहिल्या. "वाजलं," असं म्हणाल्या आणि मग त्यांनी तो हात गोधडीवर टेकला.

दाराशी येऊन चौलकर हळू आवाजात म्हणाले, "ओल्या फडक्याने पुसायचो आधी. तिला खरं वाटायचं नाही. खरकट्या हाताने कुठे टेकू, म्हणून संध्याकाळपर्यंत हात तसाच धरून बसायची. मग प्लास्टिकचा टब आणला. म्हणाली, तुम्ही फसवताय. शेवटी हा पत्र्याचा. घरी दिवसातून चारदा वाजतं. तुमच्या कार्यात दोनशेदा वाजतं. बरं वाटतं ऐकायला. एक बाई हिच्याजवळ बसायला येते तेवढ्यात मी जाऊन येतो." मग त्यांची नजर माझ्या हातातल्या कागदावर गेली. "काय काम होतं?"

"काही नाही. मी परत हिशोब केला. दोन पुरतात."

जाणूनबुजून चुकीचा हिशोब मी आयुष्यात तेवढा एकच सांगितला. साखरपुड्याला रांग फाटकापर्यंत गेली. मुलाचे मामा कुरकुरले. नेमकी पंचावन्न मिनिटं लागली. त्या दिवशी मी टबात गोणपाट टाकलं नाही.

दीड वर्षाने, डिसेंबरात, एका सकाळी काकू गेल्या.

स्मशानातून परतायला दुपारचा एक वाजला. इमारतीच्या दाराशी स्टँड उभा होता. लाल आकडा १. काकूंना खाली आणायच्या आधी चौलकरांनी तो स्वतः उतरवला होता, काठोकाठ भरला होता, जाळीत साबणाची नवी वडी घातली होती. तो स्टँड पहिल्यांदाच घराबाहेर आला होता. आम्ही छत्तीस माणसं. माणशी पाव लिटरने नऊ लिटर झाले असते. पण स्मशानातून आल्यावर हातांबरोबर पायही धुवायचे असतात, हे त्यांनी धरलेलं नव्हतं. वीस लिटर पुरणार नाहीत, हे मला रांगेत उभ्या उभ्याच कळलं.

एकेक माणूस धुऊन आत जात होता. पत्रा वाजत होता. चौलकर नेहमीसारखे शेजारी उभे राहून ऐकत होते. कुणालाही त्यांनी परत पाठवलं नाही, आणि आवाजाबद्दल कुणी काही बोललं नाही.

शेवटी आम्ही दोघं उरलो. माझं झालं. त्यांनी तोटी सोडली. चार थेंब पडले आणि कॅन रिकामा झाला. त्यांनी तोटी बंद केली, पुन्हा सोडली. मग उजवा हात अंगापासून लांब धरून ते तसेच उभे राहिले.

मी वॉचमनच्या खोलीतल्या पिंपातून तांब्या भरून आणला आणि टबात नीट पडेल असं, उंचावरून, त्यांच्या हातावर ओतला.

"वाजलं का?" मी विचारलं.

"अजून थोडं," ते म्हणाले.

माझा तांब्या पाऊण लिटरचा. त्यांच्या हिशोबाने एकाच तांब्यात तीन माणसं झाली असती. मी चौथा तांब्या भरायला गेलो, तेव्हाही त्यांनी हात खाली घेतलेला नव्हता.