बेसिनखालचा एल्बो

मुख्याध्यापिका बाईंच्या केसांवर रंगाचा शेवटचा ब्रश फिरला आणि दोनच मिनिटांत बेसिनखालचा एल्बो, म्हणजे नळ बसवायचा पाइपाचा वाकडा तुकडा, तुटला. आधी टक् असा आवाज झाला. मग पाण्याची जाड धार थेट समोरच्या आरशावर आदळली. खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या बाई जरबेने म्हणाल्या, "कोण आहे तो?"

"अहो, धावा! नळ फुटला!" पार्लरवाली किंचाळली.

पार्लर घराच्याच पुढच्या खोलीत होतं. आत पेपर वाचत बसलेला तिचा नवरा चष्मा सावरत धावला. तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढून तो नुकताच निवृत्त झाला होता आणि घरात काहीही बिघडलं की "हात्तिच्या, त्यात काय एवढं!" म्हणायला मोकळा होता. त्याने बाहेर जाऊन भिंतीवरचा मोठा व्हॉल्व्ह बंद केला. धार थांबली. त्याबरोबर साऱ्या घराचं पाणीही थांबलं.

"हात्तिच्या, त्यात काय एवढं! एक एल्बो तर बदलायचा," ग्रंथपाल म्हणाले.

"बाईंचा रंग पस्तीस मिनिटांत धुवायचाय," पार्लरवाली त्यांना कोपऱ्यात घेऊन कुजबुजली. "जास्त राहिला तर टाळूची आग होईल, केस काळे ठिक्कर पडतील. आज संध्याकाळी त्यांचा निरोप समारंभ आहे. फोटो काढून शाळेच्या हॉलमध्ये लावणारेत, कायमचा! आणि घरात पाणी किती? प्यायच्या दोन बाटल्या!"

प्लंबरला फोन लावला तर तो परगावी. ग्रंथपालांनी चपला अडकवल्या.

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात त्यांनी ऐटीत सांगितलं, "एक एल्बो द्या."

"अर्धा की पाऊण?" दुकानदाराने विचारलं.

"अर्धा कशाला? अख्खाच द्या."

"अहो काका, इंच विचारतोय. गरम पाण्याचा की थंड? साधा की पितळी आट्यांचा?"

एका एल्बोत एवढे विभाग आणि उपविभाग असतील याची ग्रंथपालांना कल्पना नव्हती. समोर शंभर-दीडशे खोके रचलेले, एकावरही नीट चिठ्ठी नाही. एरवी त्यांनी तिथल्या तिथे सगळी मांडणी बदलायला लावली असती. पण घड्याळ पळत होतं. त्यांनी अंदाजपंचे एक पांढरा, गुटगुटीत एल्बो उचलला आणि घर गाठलं.

पार्लरवालीने बेसिनखाली वाकून एल्बो पाइपाला लावून पाहिला. "पाइप पिवळट, हा पांढराफटक. पाइप जाड, हा बारीक. आणि नळ कुठे फिरवून बसवायचा? आटे कुठायत? आणलंत तरी काय हे?"

"किती मिनिटं झाली?" प्लास्टिकच्या टोपीखालून बाईंनी विचारलं.

"बाराच!" पार्लरवाली गोड आवाजात म्हणाली. झाली होती सतरा.

"तुटलेला तुकडा सोबत न्या," बाई म्हणाल्या. "नमुना बघून उत्तर लिहायला काय लागतं?"

ग्रंथपाल मुकाट्याने तुटका तुकडा रुमालात गुंडाळून पुन्हा पळाले. या खेपेला दुकानदाराने तोंडातून शब्द काढायच्या आत त्यांनी रुमाल उघडून ठेवला. "असं बोला की! पाऊण इंची, गरम पाण्याचा, पितळी आटे," असं म्हणत त्याने एल्बो काढून दिला, वर चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा ठेवला आणि पाइप सरळ कसा कापायचा तेही दाखवलं.

घरी येऊन ग्रंथपाल बेसिनखाली शिरले. पाइप कापला, पुसला, सोल्यूशन लावलं आणि एल्बो दाबून बसवला. खुर्चीतून बाई मान वाकडी करून बघतच होत्या.

"अहो, त्याचं तोंड भिंतीकडे का?"

"अं?"

"भिंतीकडे तोंड करून काय उभं केलंय त्याला! फिरव! आधी इकडे फिरव!"

तो आवाज असा होता, की ग्रंथपालांनी एल्बो तर फिरवलाच, स्वतःही फिरले आणि डोकं बेसिनला आपटलं. पण वेळ साधली. आणखी चार क्षण गेले असते तर सोल्यूशन आवळलं असतं आणि नळ जन्मभर भिंतीला आंघोळ घालत बसला असता.

त्यांनी नळ फिरवून घट्ट केला. जोड कसा देखणा दिसत होता! घाम पुसत ते म्हणाले, "झालं! व्हॉल्व्ह सोडतो."

पण कोणतीही छापील गोष्ट न वाचता पुढे जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जाता जाता त्यांनी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि ते जागच्या जागी थिजले.

"काय झालं?" पार्लरवालीने विचारलं.

"जोड दिल्यावर दोन तास पाणी सोडू नये, असं लिहिलंय."

घड्याळात सात मिनिटं उरली होती.

"शेजारी कोण राहतं?" बाईंनी विचारलं.

पार्लरवालीचा चेहरा पडला. एका बाजूच्या घराला कुलूप होतं. दुसऱ्या बाजूच्या शेजारणीशी दोन वर्षांपासून बोलणं बंद होतं. पार्लरमध्ये केस कापून घेतल्यावर तिने तीन गिऱ्हाइकांदेखत विचारलं होतं, "कापलेत की कुरतडलेत?" त्यावर पार्लरवालीही गप्प बसली नव्हती.

"तिच्याकडे पाणी मागायला मी मरेपर्यंत जायची नाही," ती म्हणाली.

"तू नको जाऊस. केस माझे आहेत." बाई उठल्या आणि गळ्यातला काळा झगा, डोक्यावरची टोपी, कपाळावर ओघळलेला रंग अशा थाटात तरातरा शेजारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. शेजारणीने दार उघडलं, समोरचं ध्यान पाहिलं आणि काही न विचारता बाथरूमकडे बोट दाखवलं.

आता आपलं गिऱ्हाईक परक्या हातात सोडायचं कसं? पार्लरवाली टॉवेल, शाम्पू घेऊन पाठोपाठ धावली.

भिंतीपलीकडून आधी फक्त पाण्याचा आवाज आला. ग्रंथपाल भिंतीला कान लावून ऐकत राहिले. मग शेजारणीचा आवाज आला, "अगं, कानामागे राहिलाय बघ. थांब, मी तांब्या धरते." मग बाईंचा: "वा! अगदी हवा तसा आलाय रंग!" आणि मग तिघींचं हसणं. ग्रंथपालांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते एल्बोसमोर स्टूल टाकून राखणीला बसले.

दोन तासांनी त्यांनी व्हॉल्व्ह सोडला. नळ उघडला, बंद केला, जोडावरून कोरडा कागद फिरवला. एक थेंब नाही! ही बातमी कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून ते शेजारी गेले.

मुख्याध्यापिका बाई केव्हाच समारंभाला गेल्या होत्या. आरशासमोर शेजारीण गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसली होती. पार्लरवाली तिचे केस कापत होती आणि दोघी एकदमच बोलत होत्या. नवरा दारात दिसताच पार्लरवालीची कात्री थांबली.

"झालं? इतक्यात?" तिचं तोंड एवढंसं झालं.

ग्रंथपालांनी दोघींकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदाच छापील मजकुरात फेरफार केला.

"छे! नीट वाचलं नव्हतं मी. चार तास लिहिलंय. तुमचं चालू द्या."