जाधवकाकांच्या चार वह्या

माझं वर्तमानपत्र माझ्याआधी जाधवकाका वाचतात आणि दुरुस्त करून माझ्या दाराच्या कडीत अडकवतात. ‘गुन्हेगाराला अटक’ असं छापलेलं दिसलं की ‘गुन्हेगारा’वर लाल रेघ आणि वर बारीक अक्षरात ‘कच्चा कैदी’. मी दोनदा वर्तमानपत्र बदललं. काकांनी शाई बदलली नाही.

काका कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झाले. कोपरखैरण्यात माझ्या समोरच्या दारात राहतात, एकटेच. निकाल लागेपर्यंत आत ठेवलेल्या माणसाला कधी काय म्हणत आले, एवढ्यावर त्यांनी चार वह्या भरल्या आहेत. “कैद अरबीतनं आली, कच्चा घरचाच. मग साहेबलोकांचा अंडरट्रायल. आता कागदावर न्यायाधीन बंदी. शब्द शिकला हो, कोठडी तीच!” चहा गार होईस्तोवर हे चालतं.

मागच्या महिन्यात सोसायटीच्या पंपाचा पितळी व्हॉल्व्ह नाहीसा झाला. आमच्या सेक्रेटरींना माइक मिळाल्यापासून आपण हायकोर्ट आहोत असं वाटतं. त्यांनी वॉचमन शिवाला खुर्चीवरून उठवलं आणि एजन्सीला कळवून टाकलं, उद्यापासून हा नको.

“काका, तुमी टेन्शन नका घेऊ. चोरच आहे तो,” सेक्रेटरी मध्ये पडलेल्या काकांना म्हणाले.

“ठरलं कधी? तोवर तो खुर्चीवरच बसेल,” म्हणत काकांनी शेजारी स्टूल टाकलं. दुपारचा डबाही दोघांनी तिथेच खाल्ला.

चारला प्लंबर उगवला. व्हॉल्व्ह त्याच्याच पिशवीत! गळत होता म्हणून दुरुस्तीला नेलेला, सांगायचं राहिलं. सेक्रेटरी हसले. “चला, मिटलं. एजन्सीला उद्या सांगतो.”

“उद्या नाही.” काकांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. “उद्याच्या ड्युट्यांची यादी आज सहाला बंद होते. आत्ता लिहा. सही करा, शिक्का मारा.”

पत्र घेऊन काका एजन्सीच्या ऑफिसला जायला वाशीच्या बसमध्ये चढले. मागोमाग मी.

“एकदा एक जण निर्दोष सुटला,” सिग्नलला काका म्हणाले. “चौदा महिने आत होता. सुटकेचा कागद तुरुंगाच्या पेटीत मी टाकायचा होता. पेटी संध्याकाळी एकदाच उघडतात. त्या दिवशी आमच्या साहेबांचा निरोपसमारंभ. भाषणं, समोसे. वीस मिनिटं उशीर झाला मला.”

“मग?”

“मग काय, सकाळी सुटला. मी दाराशी उभा होतो, माफी मागायला. तोच म्हणाला, ‘साहेब, चौदा महिन्यांपुढे एक रात्र काय मोठी?’ साहेब म्हणाला मला.” काका खिडकीबाहेर बघत राहिले. “त्या रात्री तो कोण होता, सांगा. कोर्टानं सोडलेला माणूस, कोठडीत. चार वह्या झाल्या, त्याला शब्द सापडत नाही.”

एजन्सीचा माणूस कुलूप शोधत होता. काकांनी पत्र दिलं, यादीत शिवाचं नाव परत लिहिलेलं स्वतः वाचलं आणि पोच मागितली. ती वाचून पुन्हा त्याच्यापुढे सरकवली.

“वेळ टाका.”

“ती कशाला, काका?”

“टाका हो.”

त्याने लिहिलं, पाच चाळीस. काकांनी पोच घडी करून खिशात ठेवली. परतीच्या बसमध्ये त्यांनी ती दोनदा काढून पाहिली.