निपाणीखालून न गेलेली हद्द

"सर, दोन प्लेटा भेटतात तिथं पाटी कुठल्या भाषेत असते?"

हे विचारायची पैज मधुवंतीनं लावलेली. इथं निपाणीत, कर्नाटकाच्या हद्दीत, पाटीचा विषय काढायला दहावीतल्या बाकीच्या पोरी घाबरल्या. मी न्हाय.

भूगोलाचे सुहास सर हसले नाहीत. (ते हसल्याची नोंद शाळेत नाही.) त्यांनी रीतसर माहिती दिली. पृथ्वीचं कवच तुकड्यातुकड्यांचं असून ते तुकडे, म्हणजे प्लेटा, नखं वाढतात त्या वेगानं सरकतात. हद्दीवर तीनच गोष्टी घडतात. प्लेटा आदळल्या तर हिमालय उठतो. दूर गेल्या तर मधे नवी जमीन येते. शेजारून घासत गेल्या तर काहीच तयार होत नाही, नुसते धक्के बसतात. चौथा मार्ग, म्हणजे समिती नेमणे, निसर्गाला अजून सुचलेला नाही.

"मग आपली हद्द कुठल्या प्रकारची, सर?"

"आपल्याखाली हद्दच नाही गं. बेळगाव, कोल्हापूर, धारवाड, सगळं एकाच प्लेटवर. जवळची हद्द दीडेक हजार किलोमीटर लांब."

माझ्या बाकावरची उपासना हळूच म्हणाली, "सरांची बदली हुणार बघ आता."

आमच्या घरात मात्र तिसरा प्रकार दिवाळीपासून सुरळीत चालू आहे. वादाचा विषय मी. अकरावीला (आप्पांच्या मते पी.यू.ला) मला आईच्या माहेरी कोल्हापूरला पाठवायचं, की आप्पा शिकले त्या धारवाडला? दोन्हीकडची प्रवेशपरीक्षा एकाच रविवारी, आणि अर्जाची मुदत उद्या.

"तिकडं पोरगी मराठी विसरंल," आई म्हणते.

"तिकडं गेली तर इकडची मेडिकलची सीट विसरा," आप्पा म्हणतात.

अडीच महिन्यांत दोघं मिळून सरकले शून्य सेंटीमीटर. मला काय शिकायचंय, हे विचारल्याच्या घटना: शून्य. भारतीय प्लेट एवढ्या वेळात सेंटीमीटरभर तरी पुढं गेली, तेही कुणाला निवेदन न देता.

वाचकहो, तुम्हीही मघापासून मी कुठल्या बाजूची तेच शोधताय. मराठीत लिहितेय म्हणून कोल्हापूर, असं मनात धरलंही असेल. चालू द्या.

आज जेवताना मी सांगून टाकलं.

"आई, आप्पा, मी धारवाडचा अर्ज भरला. आप्पांसाठी न्हाय आणि मेडिकलसाठी तर न्हायच. तिथं पुढं भूगर्भशास्त्र हाय, मला दगड शिकायच्यात. अर्जावर पालकाच्या सहीला जागा एकच हाय. कुणी करायची ते उद्या दहाच्या आत तुम्ही ठरवा."