उजव्या गालाचा रकाना

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीवर मी बावीस वर्षं काढली. या काळात एकही रिकामा रकाना माझ्या हाताखालून पुढे गेलेला नाही. 'लागू नाही' एवढं लिहायचं राहिलं असेल तरी मी अर्ज परत करते, मग समोरचा घाईत असो नाहीतर रडत असो. लोक मागून मला रकानेबाई म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि त्याचा रागही येत नाही. पुढची हकीकत समजायला एवढी माहिती पुरे.

चार वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही गालांवर लाल, खवले धरणारे चट्टे उठले. लुपस. शरीराचे पहारेकरी आपल्याच कातडीला चोर समजून बडवायला लागतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुस्तकात या चट्ट्यांना फुलपाखरू म्हणतात म्हणे. ज्यानं हे नाव ठेवलं त्याच्या तोंडावर ते कधी बसलं नसावं. मलमं झाली, गोळ्या झाल्या, उन्हात जाणं बंद झालं. मग एका अर्जदारानं लेखी विचारणा केली, की हे दाखल्याच्या कागदावरून पसरतं का. हा आजार कुणाचा कुणाला लागत नाही, असं प्रमाणपत्र मी आणून दिलं. साहेबांनी ते नीट वाचलं, फाईलला लावलं आणि माझी बदली तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये केली. तिथे ऊन येत नव्हतं, त्यामुळे बदली वैद्यकीयदृष्ट्याही योग्यच होती.

मला माझी खिडकी परत हवी होती. सरळ तोंड करून, दोन्ही गालांनी. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

म्हणून नव्या मलमाच्या चाचणीसाठी रुग्ण हवेत असं कळताच मी पहिल्याच दिवशी रुग्णालयात हजर झाले. संमतीपत्र एकोणीस पानांचं होतं. चाचणीची कागदपत्रं सांभाळणारी समन्वयक मुलगी म्हणाली, "ताई, शेवटच्या पानावर सही केलीत तरी चालेल. सगळे तसंच करतात." मी एकोणीस पानं वाचली आणि सातव्या पानावर त्यांचाच एक रकाना रिकामा राहिलाय, हे तिला दाखवलं. तिचं तोंड उतरलं. खरं तर तेव्हाच तिनं मला घरी पाठवायला हवं होतं.

पद्धत सोपी होती. दोन ट्यूब. एकीवर लिहिलेलं 'डावा', दुसरीवर 'उजवा'. एकीत औषध, दुसरीत नुसतंच पांढरं मलम. कशात काय, हे मला माहीत नसणार आणि डॉक्टरांनाही माहीत नसणार. याला दुहेरी अंध चाचणी म्हणतात. "कुणालाच काही कळता कामा नये, त्यातच तर शास्त्र आहे," समन्वयक म्हणाली. आमच्या कार्यालयात हे तत्त्व फार पूर्वीपासून पाळलं जात असल्यामुळे मला काही जड गेलं नाही. सोबत एक रोजनिशी मिळाली. रोज एक पान, पानावर नऊ रकाने. मला घरच्यासारखं वाटलं.

तीन आठवड्यांत डावा गाल स्वच्छ झाला. उजवा होता तसाच.

तपासणीला सोबत सासूबाई आल्या होत्या. डॉक्टरांनी माझा चेहरा दिव्याखाली धरला मात्र, सासूबाई म्हणाल्या, "डावीकडच्या ट्यूबमध्ये औषध आहे हो!"

डॉक्टर छताकडे बघायला लागले. "आजी, असं बोलू नका. मला ते माहीत नाही."

"अहो, पण दिसतंय की ढळढळीत!"

"दिसतंय. पण माहीत नाही."

"मग मी सांगते ना तुम्हाला..."

"यांना बाहेर बसवा," डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंची नोंद 'अनपेक्षित घटना' या सदराखाली झाली. 'औषधाशी संबंध' या रकान्यात समन्वयिकेनं 'नाकारता येत नाही' असं लिहिलं.

मी डॉक्टरांना म्हटलं, "मग उजव्या गालालाही तेच मलम द्या ना."

"तेच म्हणजे कोणतं?" त्यांनी अगदी निरागसपणे विचारलं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "चाचणी पूर्ण होऊ द्या. निष्कर्ष चांगला आला की मंजुरी, मग दुकानात. फार तर पाच वर्षं." पाच वर्षांनी मी निवृत्त होणार होते.

इकडे कार्यालयात माझ्या डाव्या गालाची बातमी पोचली. साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी आदेश काढला, की सदर कर्मचाऱ्याच्या प्रकृतीत पन्नास टक्के सुधारणा झाली असल्यामुळे त्यांना खिडकी क्रमांक तीनवर परत घेण्यात येत असून, त्यांची खुर्ची नव्वद अंशांत उजवीकडे फिरवण्यात येत आहे. मी खिडकीवर परत आले. जनतेला माझा डावा गाल दिसायचा आणि मला भिंतीवरचं आग विझवण्याचं यंत्र.

आठव्या दिवशी तक्रार आली. 'कर्मचारी जनतेकडे बघतसुद्धा नाहीत. माझ्या वडिलांच्या मृत्यूची नोंद बाईंनी भिंतीशी बोलून केली.' तक्रार खरी होती. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं.

"महिनाअखेरपर्यंत सरळ बसा," साहेब म्हणाले, "नाहीतर परत तळघर."

"सरळ बसले तर उजवा गाल दिसेल, साहेब."

"मग त्याचं काहीतरी बघा ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी आरशासमोर उभी राहिले. डावी ट्यूब उघडली, डाव्या गालाला लावलं. झाकण लावता लावता थांबले आणि बोटावर उरलेलं उजव्या गालाला पुसलं. तिसऱ्या दिवशी उरलेलं नव्हतं, तर मी मुद्दाम घेतलं. खोटं कशाला बोलू?

महिना संपता संपता उजवा गालही निवळला. साहेबांनी खुर्ची सरळ केली. पहिलीच बाई बाळाच्या जन्माचा दाखला मागायला आली. तिनं माझ्याकडे बघितलं, तोंडभर बघितलं, आणि एवढंच विचारलं, "शिक्का इथेच मारतात का?" गालाकडे नजरसुद्धा गेली नाही तिची. मला भरून आलं. तिच्या अर्जात आजोबांच्या व्यवसायाचा रकाना रिकामा होता, तो मात्र मी परत केला.

प्रश्न रोजनिशीचा होता. रकाना क्रमांक सहा: 'आज मलम ठरल्याप्रमाणेच लावले का? हो / नाही. नसल्यास तपशील द्या.' घरी यांना मी पहिल्याच दिवशी तो रकाना दाखवला होता.

"हो वर खूण कर आणि मोकळी हो," हे म्हणाले.

"पण लावलं नाही ना ठरल्याप्रमाणे."

"अगं, कोण बघतंय?"

बावीस वर्षं लोक मला खिडकीतून हेच विचारत आले आहेत. मी रोज 'नाही' वर खूण केली आणि खाली तपशील दिला: वेळ, गाल, बोट, साक्षीदार सासूबाई.

समन्वयिकेनं रोजनिशी चाळली आणि कपाळावर हात मारला. "ताई, हे लिहिलंत कशाला?"

"रकाना होता."

"अहो, बाकीचे निदान वजन जुळावं म्हणून दुसरी ट्यूब बेसिनमध्ये पिळून तरी टाकतात!" ती बोलून गेली आणि दाराकडे बघायला लागली.

डॉक्टरांनी या वेळी छताकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण नियमभंग कागदावर आला होता. मला चाचणीतून वगळण्यात आलं. दोन्ही ट्यूब काढून घेतल्या, वजन केलं, लाखेनं बंद केल्या. माझे दोन्ही गाल शास्त्राच्या दृष्टीनं बरे झालेले नाहीत, असं मला समजावण्यात आलं. मी समाप्तीचा अर्ज भरला. सगळे रकाने भरले.

दीड महिन्यात चट्टे परत आले. आधी डावा गाल, मग उजवा. साहेबांनी खुर्ची फिरवायचा विचारही केला नाही, मला थेट तळघरात धाडलं.

वर्षभरानं चाचणीचा निष्कर्ष टपालानं आला. 'दोन्ही गालांत लक्षणीय फरक आढळला नाही. औषध निष्प्रभ ठरल्याने पुढील काम थांबवण्यात येत आहे.' मी पत्र घेऊन तडक रुग्णालयात गेले.

"असं कसं? माझ्या गालात होता ना फरक!"

समन्वयिकेनं दार लावून घेतलं. "बसा, ताई. ज्यांना औषधाचा गुण आलाच नाही त्यांचे दोन्ही गाल सारखेच खराब. बरोबर? ज्यांना गुण आला त्यांनी गुपचूप दोन्हीकडे तेच लावलं आणि 'हो' वर खूण केली. त्यांचे दोन्ही गाल सारखेच चांगले. फरक कुठेच नाही."

"आणि ज्यांनी खरं लिहिलं ते?"

"ते म्हणजे तुम्ही. तुम्हाला वगळलं."

"पण डॉक्टरांनी एवढे बरे झालेले गाल बघितले ना?"

"बघितले. पण माहीत नव्हतं."

मी तळघरात परत आले. माझ्या खिडकीवर आता नवीन बाई आहेत. चेहरा नितळ, अर्ज न वाचता शिक्का मारतात, लोक त्यांना दुवा देतात. ज्यांचं नाव, गाव, जन्मतारीख त्यांच्या हातून चुकते, ते दोन-चार महिन्यांनी दुरुस्तीसाठी जिना उतरून माझ्याकडे येतात, माझ्या तोंडाकडे बघतात आणि एक पायरी मागे सरकतात.

तुम्हीही एव्हाना मनात म्हणाला असाल, की या बाईनं 'हो' वर खूण केली असती तर काय बिघडलं असतं? म्हटलंत ना? तुमच्यासारख्या शहाण्या माणसांमुळेच ते औषध बंद पडलं. आणि 'हो' वर खूण करणाऱ्यांचीही ट्यूब कधीच संपली आहे. रुग्णालयाच्या रांगेत पाहिलेले त्यातले दोघं परवा दुरुस्तीसाठी खाली आले होते. चारही गाल लाल होते. अर्ज मात्र अपुरे होते, म्हणून मी ते परत केले.