बोटभर काचेची चोरी

"माणसानं स्वतःबद्दल स्वतः बोलू नये, पण माझ्याइतकं मला ओळखणारा दुसरा कोणी नाही, म्हणून नाइलाज आहे," दारातल्या पायपुसण्यावर उभं राहून भाऊजी सांगत होते. "माझी नजर भिंतीपलीकडे जाते. नाक माझ्या दोन गल्ल्या पुढे चालतं. आणि मेंदू म्हणाल तर..."

"आधी आत या. दार उघडं राहिलं की गारठा येतो," त्या घरच्या वहिनी म्हणाल्या.

मागे मोजपट्टी, भिंग आणि भाऊजींचा मफलर सांभाळत उभ्या असलेल्या मेव्हण्यानं मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. मेंदूचं वर्णन सगळ्यात लांब असे.

भाऊजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी पोस्टात, हरवलेल्या पार्सलांच्या विभागात काढली. तिथे त्यांच्या हातून एकही पार्सल सापडलं नाही. पण हरवलेलं एकही पार्सल पुन्हा हरवलं नाही, याचा त्यांना अभिमान होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःला गुप्तहेर म्हणून जाहीर केलं, तेही इतक्या मोठ्यानं की गुप्त असं काही उरलं नाही. मेव्हणा चष्म्याच्या दुकानात कामाला. रविवारी जरा पाय पसरावेत, तर बहिणीचा फोन ठरलेला, "जा रे बाबा त्यांच्याबरोबर. घरी बसले की माझे डबे तपासतात."

आजचं प्रकरण एका गाडीचं होतं. जुन्या काळातली, दोन सीटांची, लांब नाकाची लाल स्पोर्ट्स कार. वहिनींच्या सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली आणि जाताना दोन्ही मुलांच्या नावावर ठेवलेली. थोरला, म्हणजे वहिनींचा नवरा, दातांचा डॉक्टर. त्याला वारा लागला की शिंका येत, म्हणून गाडी चहूबाजूंनी बंद हवी. धाकटा पोहायला शिकवायचा. त्याला वाऱ्याशिवाय गुदमरायला व्हायचं. शेवटी तोडगा निघाला, की गाडीच्या कापडी टपाला मागची काच काढता-घालता येईल अशी बसवायची. काच म्हणायची एवढंच. होतं ते जाड पारदर्शक प्लास्टिक, कडेनं चेन शिवलेलं. वारा हवा त्यानं चेन उघडावी, नको त्यानं लावावी.

सीट कव्हरं शिवणाऱ्या कारागिरानं काल भर दुपारी, दुकानापुढच्या उन्हात, ती लावून, काढून, पुन्हा लावून दाखवली. दोघं भाऊ खूश. रात्री काच काढून गॅरेजच्या फरशीवर ठेवली. आज सकाळी बसवायला गेले, तर चेन शेवटच्या कोपऱ्यापाशी अडली. काच बोटभर कमी पडत होती.

चेन लागेना, म्हणून घरात कोणाला चैन पडेना.

"ह्यानं रात्रीत कापली," थोरला भाऊजींना म्हणाला. "मागून वारा यावा म्हणून."

"दादानं बदलली," धाकटाही भाऊजींनाच म्हणाला. "बसत नाही म्हटलं की कायमची शिवून टाकायला मोकळा."

दोघं एकाच खोलीत उभे होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते. वहिनींनी मेव्हण्याला स्वयंपाकघरात बोलावलं. "दुपारी गाड्यांचा दलाल येतोय," त्या हळूच म्हणाल्या. "मीच बोलावलंय. सासऱ्यांची गाडी, विकायची म्हटलं की पोटात तुटतं. पण गाडीपायी हे दोघं तुटायला नकोत. तुमचे भाऊजी खरंच काही शोधतात का हो?"

मेव्हणा खोटं बोलत नसे. "शोधतात खूप," तो म्हणाला. आणि आजपर्यंत कधी नव्हे ते त्याला मनापासून वाटलं, एकदा तरी ह्यांना काहीतरी सापडावं.

बाहेर भाऊजींनी काच जेवणाच्या टेबलावर पसरली होती. कडक, गार, पापुद्र्यासारखी वाजणारी. त्यांनी ती मोजली. कारागिराच्या मापापेक्षा खरंच बोटभर कमी.

"कापली," ते म्हणाले.

"कापली असती तर कडेची चेनही कापली गेली असती," मेव्हणा म्हणाला. "ती तर अख्खी आहे."

"उसवून, कापून, परत शिवली. घरात शिवणयंत्र आहे?"

"आहे," वहिनी म्हणाल्या. "पट्टा तुटून दोन वर्षं झाली."

"म्हणजे आरोपीनं दोन वर्षं आधीच पट्टा तोडून स्वतःवरचा संशय टाळला. पक्का दिसतो." भाऊजींनी डोळे मिटले. "किंवा मग काचा दोन आहेत. जुळ्या. एक मोठी, एक धाकटी. दुपारी मोठी लावायची, रात्री धाकटी आणून ठेवायची."

"कशासाठी?" मेव्हण्यानं विचारलं.

"ते आरोपीनं सांगायचं. सगळं मीच करू का?"

मग ते गॅरेजमध्ये गेले आणि गाडीभोवती फिरले. "तिसरी शक्यता कोणी लक्षातच घेतली नाही. काच तेवढीच आहे, गाडी वाढलीय."

"गाडी वाढलीय," मेव्हणा म्हणाला.

"राहते कुठे? सावलीत. खाते काय? पेट्रोल. चालते कधी? आठवड्यातून एकदा." त्यांनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. "निवृत्तीनंतर माझंही असंच झालं."

शेवटी त्यांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. "गुन्हेगार याच खोलीत आहे," असं म्हणून त्यांनी बोट उचललं. ते थोरल्यावरून धाकट्यावर गेलं, परत थोरल्यावर आलं आणि मध्येच थांबलं. "दोघंही. ह्यांनी बदललेली काच त्यांनी कापली."

एरवी यावर कोणी हसलं असतं. पण थोरला ताडकन उठला. "बाबांनी गाडी ह्याच्या एकट्याच्या नावावर करायला हवी होती. आत्तापर्यंत भंगारात गेली असती."

धाकट्यानं पहिल्यांदाच सरळ भावाकडे पाहिलं. "शेवटी शेवटी बाबांना गाडीतून रोज कोण फिरवत होतं, दादा? तुला शिंका येत होत्या."

थोरल्याचा चेहरा उतरला. मेव्हणा हातातल्या मफलरकडे बघत बसला. भाऊजींचं बोट अजून हवेतच होतं, ते त्यांनी हळूच खिशात घातलं.

"शेवटची एकदा चालवून येतो," धाकटा म्हणाला. "मग विका." तो किल्ली घेऊन बाहेर गेला.

थोरल्यानं पायांत चपला सरकवल्या आणि तोही निघाला. बाकीचे मागोमाग दारापर्यंत आले. थोरला गाडीचं दार उघडून धाकट्याशेजारी जाऊन बसला. "शेवटचंच आहे तर मीही येतो," एवढंच म्हणाला, आणि लगेच शिंकला.

धाकट्यानं किल्ली फिरवली नाही. तो खाली उतरला. "वहिनी, काच कुठंय?"

"ताटं मांडायची होती, म्हणून दोरीवर टाकलीय. तिकडे, उन्हात."

"पुराव्याला हात लावलात तुम्ही?" भाऊजी म्हणाले.

"हात नाही, चिमटा लावला."

धाकट्यानं काच आणली. बोटभर फट राहिली तर राहिली, भावाच्या पाठीला वारा तेवढा तरी कमी लागेल, म्हणून त्यानं चेन ओढायला घेतली. ती सर्रकन शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेली. तो बघतच राहिला. त्यानं ती उघडली, पुन्हा ओढली. पुन्हा पुरली. थोरला उतरून मागे आला आणि त्यानं काचेवर तळवा ठेवला. काच उबदार होती, मऊ पडली होती.

"गारठ्यात प्लास्टिक आकसतं," वहिनी म्हणाल्या. "बाथरूमचा पडदा नाही का सकाळी पत्र्यासारखा होत? ऊन लागलं की येतो वळणावर."

"हे सकाळीच का नाही सांगितलंस?" थोरल्यानं विचारलं.

"काच मी आत्ता हातात घेतली. सकाळपासून तुम्ही कोणी घेऊ दिलीत? आणि हे गुप्तहेर तर माझ्या शिवणयंत्राला अटक करायला निघाले होते."

भाऊजी खाकरले. "मी इथपर्यंत आलोच होतो. बोटभरच कमी पडलो."

थोरला अजून काचेवरून हात फिरवत होता. "बाबांना कुठल्या रस्त्यानं न्यायचास?" त्यानं विचारलं.

"बस," धाकटा म्हणाला. "दाखवतो."

गाडी फाटकाबाहेर पडली. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती. वळणापर्यंत दोन्ही सरळ होती. वळणावर एक डोकं दुसऱ्याकडे झुकलं. वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि ऊन फार आहे म्हणाल्या.

तेवढ्यात दलाल आला. रिकाम्या गॅरेजकडे पाहून म्हणाला, "गाडी बघायला बोलावलं होतं मला."

"जेवूनच जा आता," वहिनी म्हणाल्या. "ताटं मांडलीच आहेत. गाडी मात्र मिळायची नाही. ती चालवायला आता दोघं लागतात."